हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, तारीख लांब आहे: मधल्या काळात रुग्णाने आणि घरच्यांनी काय करायचं

बायपास किंवा व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरलं, तारीख काही आठवड्यांनंतरची मिळाली, की बहुतेक घरांत दोन चुका हमखास होतात. पहिली, रुग्णाला पलंगावर बसवून ठेवायचं आणि पाण्याचा पेलाही हातात द्यायचा. दुसरी, त्रास वाढला तरी "आता ऑपरेशन होणारच आहे" म्हणून गप्प बसायचं. पहिल्या चुकीने ताकद जाते, ती पुढे भरून काढता येते. दुसरी जिवावर बेतते.

कारण प्रतीक्षायादी एकदा लावली की तशीच राहते, असं नसतं. डॉक्टरांकडे तुमची जी माहिती आहे तिच्यावर तुमचा क्रम ठरतो. महिन्याभरापूर्वी तुम्ही दोन जिने चढत होता आणि आता एका जिन्यात थांबावं लागतंय, हे तुम्ही कळवलं नाही तर यादीत तुम्ही अजून दोन जिने चढणारेच असता.

हा लेख ठरवून होणाऱ्या ऑपरेशनसाठी थांबलेल्यांसाठी आहे. डॉक्टरांनी लगेच ऍडमिट व्हायला सांगितलं असेल तर वाचत बसू नका, निघा. आणि तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला इथल्यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुमची अँजिओग्राफी पाहिलेली आहे.

टप्पा १: नेमकं काय होणार आहे ते एका वाक्यात सांगता येईपर्यंत विचारा

"हार्टचं ऑपरेशन आहे" एवढ्यावर घरातली सगळी चर्चा चालू असते. ते पुरत नाही. पुढच्या भेटीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, बरोबर एकच शांत डोक्याचा माणूस न्या आणि उत्तरं त्याला लिहायला सांगा. रुग्णाला त्या क्षणी ऐकू येतं, पण डोक्यात राहत नाही.

विचारायचं ते असं. ऑपरेशनचं नाव काय? कोणत्या रक्तवाहिन्या बंद आहेत, डावी मुख्य वाहिनी त्यात आहे का? व्हॉल्व्ह असेल तर कोणता, तो अरुंद झालाय की गळतोय, दुरुस्त होणार की बदलणार? स्टेंट किंवा मांडीतून नळी घालून व्हॉल्व्ह बसवणं हा पर्याय माझ्या बाबतीत का नाही? माझी निकड कोणत्या वर्गात आहे आणि साधारण किती थांबायचंय? ऑपरेशन लांबलं तर काय धोका? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: मधे त्रास वाढला तर कोणत्या नंबरवर, कोणाशी बोलायचं, रात्री कोणाशी?

व्हॉल्व्ह बदलणार असतील तर प्रतीक्षेचा काळ एका निर्णयासाठी वापरायचा असतो. धातू-कार्बनचा यांत्रिक व्हॉल्व्ह टिकाऊ असतो, पण वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि त्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी करत राहावी लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या व्हॉल्व्हला ती गोळी बहुधा आयुष्यभर लागत नाही, पण तो झिजतो. साधारण १० ते १५ वर्षं चालतो आणि तरुण माणसात लवकर खराब होतो, म्हणजे पुढे पुन्हा काहीतरी करावं लागू शकतं. पुढे मूल हवं असलेल्या स्त्रीने हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगायला हवं, कारण वॉरफरिन गर्भाला घातक ठरू शकतं. संमतीपत्रावर सही करताना हा विषय पहिल्यांदा निघाला तर विचाराला वेळच उरत नाही.

*तपासा:* रुग्ण आणि घरातली आणखी एक व्यक्ती, दोघांनाही ऑपरेशनचं नाव, कारण आणि फोन करायचा नंबर न बघता सांगता येतो का? नसेल तर हा टप्पा संपलेला नाही.

टप्पा २: आजची पातळी लिहा, म्हणजे उद्याचा फरक कळेल

"बरं आहे", "थोडं दमायला होतं" या शब्दांतून डॉक्टरांना काही मोजता येत नाही. एक वही घ्या आणि पहिल्या पानावर आजची स्थिती लिहा. न थांबता किती पायऱ्या चढता येतात, सपाट रस्त्यावर किती मिनिटं चालल्यावर छातीत जड वाटतं किंवा धाप लागते, रात्री किती उशा लागतात, पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो का, आठवड्यात किती वेळा जिभेखालची गोळी (छातीत दुखलं की घ्यायची, नायट्रेटची) घ्यावी लागते. मग रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी, सारख्याच कपड्यांत वजन. बीपी आणि नाडी डॉक्टरांनी सांगितली असेल तर तीही. याहून जास्त काही नको. दर तासाला ऑक्सिजन आणि बीपी मोजणारी घरं मी पाहिली आहेत. त्यातून आकडे वाढतात आणि घाबरगुंडी वाढते, माहिती वाढत नाही.

रुग्ण लपवतात हे गृहीत धरा. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून मोबाईल काढायचा आणि मेसेज आल्यासारखं वाचत राहायचं. चालताना दुकानाच्या काचेत बघत उभं राहायचं. बोलता बोलता वाक्य मधेच तोडायचं. आवडीचं काम "कंटाळा आला" म्हणून सोडून द्यायचं. हे सगळे छातीत दुखण्याचे किंवा दम लागण्याचे सभ्य अवतार आहेत. घरच्यांनी त्यावर पोलिसी चौकशी करू नये, वहीत फक्त नोंद करावी: "जिन्यात दोनदा थांबले, मागच्या आठवड्यात एकदा."

आता त्रासाच्या तीन पायऱ्या. हा भाग कागदावर उतरवून फ्रिजवर लावा.

लगेच रुग्णवाहिका:
- बसलेलं असताना छातीत दुखणं, आवळल्यासारखं किंवा जड वाटणं, जे विश्रांतीने आणि जिभेखालच्या गोळीने ५ मिनिटांत थांबत नाही. हात, जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात तशीच कळ आली तरी हेच. दरदरून घाम आला तर गोळीचीही वाट बघू नका.
- बेशुद्ध पडणं.
- झोपता न येण्याइतकी धाप, फेसाळ किंवा गुलाबी कफ.
- तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं.

आज फोन:
- नेहमीपेक्षा कमी श्रमात दुखायला लागणं किंवा गोळ्या जास्त लागणं.
- २ ते ३ दिवसांत वजन साधारण २ किलोने वाढणं, पायाची सूज चढणं, एक उशी वाढणं.
- घेरी, छातीत धडधड.
- ताप, विशेषतः व्हॉल्व्ह खराब असलेल्याला. त्याचं कारण शोधल्याशिवाय घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू करू नका. आधी घेतलेल्या गोळीमुळे रक्तातला जंतू तपासणीत सापडत नाही.

पुढच्या भेटीत सांगायचं: भूक कमी, झोप कमी, बद्धकोष्ठता आणि तसल्या बाकीच्या कुरबुरी.

*इशारा:* रुग्णाला स्वतःच्या गाडीतून घेऊन जाऊ नका आणि त्याला तर अजिबात चालवू देऊ नका. वाटेत हृदय बंद पडलं तर गाडीत शॉक देण्याचं यंत्र नसतं.

*इशारा:* "टेन्शनमुळे होतंय" हे निदान घरी करायचं नाही. घबराटीचा झटका आणि हृदयाचं दुखणं बाहेरून सारखं दिसू शकतं, आणि तुमच्याकडे ईसीजी नाही.

टप्पा ३: गोळ्यांचा एकच कागद

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एक डॉक्टर गोळी लिहितात, दुसरे बदलतात, औषधाच्या दुकानात वेगळ्या कंपनीची मिळते आणि घरात एकच औषध दोन नावांनी दोनदा घेतलं जातं. घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर काढा. प्रत्येकीचं औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ आणि कशासाठी हे एका कागदावर लिहा. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, व्हिटॅमिन, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, सगळं. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो, आणि "ते औषध थोडंच आहे" म्हणून नेमकं तेच सांगायचं राहतं. दारूचं प्रमाणही खरं सांगा. रोज घेणाऱ्याची ती ऑपरेशनच्या वेळी अचानक बंद झाली की नंतर भ्रम आणि थरथर होऊ शकते. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ त्याची तयारी ठेवतात.

मग हा कागद दाखवून प्रत्येक गोळीसमोर डॉक्टरांकडून लिहून घ्या: चालू ठेवायची की बंद, बंद करायची तर कोणत्या दिवसापासून. तुम्हाला कल्पना असावी म्हणून साधारण पद्धत सांगतो, स्वतः अंमलात आणण्यासाठी नाही. बायपासच्या बहुतेक रुग्णांत ऍस्पिरिन चालू ठेवतात. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या बाकीच्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस आणि टिकाग्रेलोर ३ ते ५ दिवस आधी थांबवतात. वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी बंद करतात आणि काहींना त्या काळात रक्त पातळ ठेवणारी हेपरिनची इंजेक्शनं देतात. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आणि बीपी कमी ठेवणारी गोळी) आणि स्टॅटिन (कोलेस्ट्रॉलची गोळी) सहसा चालूच राहतात. बीटा ब्लॉकर अचानक सोडला तर छातीचं दुखणं उसळू शकतं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या ३ ते ४ दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांनी साखर फारशी न वाढताही रक्तात आम्लं साठू शकतात. याच गोळ्या हल्ली हृदय अशक्त असलेल्यांना मधुमेह नसतानाही देतात. त्यामुळे "मला शुगर नाही" म्हणून त्या यादीतून सुटतात, हे लक्षात ठेवा.

*इशारा:* स्टेंट बसवून थोडेच महिने झाले असतील तर रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही स्वतःहून थांबवू नका. दात काढणारे डॉक्टर म्हणाले, शेजारी म्हणाले, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

गुडघा किंवा कंबर दुखली म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. शरीरात पाणी साठतं आणि किडनीवर ताण येतो. दुखण्यासाठी काय चालेल ते विचारून ठेवा.

जिभेखालच्या गोळीबद्दल वेगळं सांगतो, कारण ती घरात असते पण वापरता येत नाही. आधी बसा, कारण बीपी उतरून पडायला होतं. गोळी जिभेखाली ठेवा, गिळू नका. ती मूळ बाटलीतच ठेवायची, शर्टाच्या खिशात उबेला सुटी ठेवली की तिचा जोर जातो. मुदत तपासा. महाधमनीचा व्हॉल्व्ह फार अरुंद असेल तर ही गोळी घ्यायची की नाही ते आधीच विचारा. लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यानंतर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यानंतर ४८ तास ही जिभेखालची गोळी घ्यायची नाही, बीपी धोकादायक उतरतं. लाजेपोटी ही माहिती लपवणारे रुग्ण पुष्कळ, म्हणून डॉक्टरांशी एकांतात दोन मिनिटं बोलायची संधी त्यांना द्या.

*तपासा:* कागदावर तारीख आहे का? औषध बदललं की जुना कागद फाडून नवा लिहायचा, खाडाखोड करायची नाही.

टप्पा ४: ज्याला वेळ लागतो ते आधी

लोक छातीचा एक्स-रे, रक्तगट अशा एका दिवसात होणाऱ्या गोष्टींच्या मागे लागतात आणि आठवडे लागणाऱ्या गोष्टी शेवटी ठेवतात. क्रम उलटा करा.

पहिला नंबर दातांचा, विशेषतः व्हॉल्व्हच्या रुग्णांसाठी. किडलेल्या दातातले, सुजलेल्या हिरड्यांतले जंतू रक्तात जाऊन नव्या व्हॉल्व्हवर बसू शकतात. म्हणून दंततपासणी ठरल्याबरोबर करा. दात काढायचा असेल तर जखम भरायला वेळ हवा. दंतवैद्यांना तुमचं ऑपरेशन, गोळ्यांचा कागद आणि हृदयाच्या डॉक्टरांचा फोन नंबर द्या. शेवटच्या आठवड्यात दाताचा गळू सापडला की तारीख गेलीच म्हणून समजा.

दुसरं, रक्त. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचं कारण आणि उपचार आत्ताच. लोहाच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात, शिरेतून दिलेलं लोह त्यापेक्षा लवकर काम करतं. ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन वाढलेलं असलं की रक्त चढवायची गरज कमी होते.

तिसरं, साखर. एचबीए१सी ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. शेवटच्या चार दिवसांत गोड बंद करून ती सुधारत नाही. वाढलेली साखर म्हणजे जखमेत जंतुसंसर्गाचा वाढलेला धोका, आणि छातीच्या हाडातला संसर्ग हे फार लांबणारं दुखणं आहे.

चौथं, तंबाखू. सिगारेट सोडून चार आठवडे किंवा जास्त झाले असतील तर फुप्फुसांच्या तक्रारी कमी होतात. तारीख त्याआधीची असली तरी आजच सोडा, "आता सोडून काय उपयोग" ही सबब खरी नाही. चघळायच्या तंबाखूतही निकोटीन असतंच. सोडायला जमत नसेल तर डॉक्टरांकडे औषधाची मदत मागा. घरातल्या बाकीच्यांनीही घरात ओढायचं नाही.

बाकीच्या तपासण्या रुग्णालय सांगेल तशा: इको, मानेच्या रक्तवाहिन्यांचं डॉपलर, फुप्फुसांची क्षमता, किडनी, लिव्हर, थायरॉईड. अँजिओग्राफीची सीडी आणि सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने एका फाईलमध्ये लावा, प्रत्येकाचा फोटो मोबाईलमध्ये. लस घ्यायची का, कधी, हे डॉक्टरांना विचारा. ऑपरेशनच्या तोंडावर घेतली आणि ताप आला तर तो लसीचा की संसर्गाचा हा प्रश्न उभा राहतो.

टप्पा ५: शरीर कामात ठेवा, पण मर्यादा विचारून

पहिला प्रश्न डॉक्टरांना: मी किती चालू? डावी मुख्य वाहिनी बंद असणं, महाधमनीचा व्हॉल्व्ह फार अरुंद असणं, बसल्या जागी दुखणं, यांत परवानगीशिवाय व्यायाम करायचा नाही. बाकी बहुतेकांना सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्या वेगाने, थोडं थोडं दिवसातून दोन-तीनदा चालता येतं. जेवल्याजेवल्या नाही, कडक उन्हात किंवा थंडीत नाही. दुखलं की थांबायचं, "आणखी दहा पावलं" नाही.

श्वासाचा सराव मात्र जवळपास सगळ्यांना जमतो. त्यासाठी दिलं जाणारं तीन चेंडूंचं यंत्र हातात आलं की निम्मे लोक त्यात फुंकर मारतात. ते ओढायचं असतं. सरळ बसा, श्वास सोडा, ओठ नळीभोवती घट्ट मिटा, सावकाश आत ओढा, चेंडू वर असताना ३ ते ५ सेकंद धरा, सोडा. अशा दहाएक फेऱ्या, गरगरलं तर मधे थांबून. ऑपरेशननंतर छाती दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो आणि फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो. त्या दुखण्यात नवीन काही शिकता येत नाही, म्हणून आत्ताच शिका.

आणखी दोन सराव. उशी छातीशी कवटाळून खोकणं. आणि हातांवर जोर न देता उठणं: पलंगावर आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, त्या वजनाने धड वर येऊ द्या. खुर्चीतून उठताना पुढे सरकून, पाय मागे घेऊन, मांड्यांच्या जोरावर. छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलेलं असताना हातांनी रेटा देणं टाळायचं असतं. हा सराव ज्यांनी केलेला नसतो त्यांना चौथ्या दिवशी संडासातून उठता येत नाही, आणि त्याची लाज ऑपरेशनच्या दुखण्यापेक्षा जास्त बोचते.

मीठ आणि पाणी किती, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. वजन कमी करायचं म्हणून या काळात उपासमार करू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात.

टप्पा ६: घरातलं बोलणं

दाराआड हळू आवाजात बोलणं, रुग्ण आला की विषय बदलणं, हे सगळं रुग्णाला कळतं. तो मग आपला त्रास लपवतो, कारण घरचे आधीच घाबरलेत. घरचे आपली भीती लपवतात, कारण त्याला ताण नको. दोन्हीकडून माया आहे, पण टप्पा २ मधली वही याच मायेने कोरी राहते.

म्हणून एक नियम करा: लक्षणं बोलायची, लगेच आणि कोरडेपणाने. "दोनदा दुखलं, बसल्यावर थांबलं." त्यावर कोणी रडायचं नाही, रागवायचं नाही, "मी सांगत होतो" म्हणायचं नाही. ऐकणाऱ्याने वहीत लिहायचं. त्रास सांगितला की ओरडा मिळतो असं रुग्णाच्या बाबतीत एकदा झालं, तर पुढची तक्रार थेट रुग्णवाहिकेत कळते.

भीतीचं वेगळं. "काही होत नाही, हल्ली हे किरकोळ ऑपरेशन आहे" हे वाक्य बंद करा. ज्याची छाती उघडणार आहे त्याला ते किरकोळ वाटत नाही आणि तुम्ही ऐकायला तयार नाही एवढंच त्याला समजतं. त्याऐवजी विचारा, "कशाची जास्त भीती वाटते?" उत्तर बहुधा मरणाचं नसतं. भूल अर्धवट उतरली तर? नळी घशात असताना गुदमरलो तर? परावलंबी झालो तर? पैशाचं काय? यातल्या प्रत्येकाला कोणीतरी उत्तर देणारा आहे: भूलतज्ज्ञ, आयसीयूची नर्स, फिजिओथेरपिस्ट. शक्य असेल तर याच ऑपरेशनमधून गेलेल्या, सरळ बोलणाऱ्या एखाद्याशी गाठ घालून द्या. रंगवून सांगणारा नको.

दिवसभर एकच विषय घोळत असेल तर त्याला वेळ ठरवून द्या. संध्याकाळची वीस मिनिटं, वही समोर, ज्याला जे वाटतं ते बोलायचं. झोपायच्या आधी नको. बाकी वेळेत आलेली काळजी वहीत लिहायची आणि संध्याकाळवर ढकलायची. ऐकायला बाळबोध वाटतं, पण रात्री दोनला एकमेकांना उठवून तेच तेच बोलण्यापेक्षा खूप बरं.

झोपेबद्दल एक फरक ओळखा. विचारांमुळे डोळा लागत नाही, ही काळजी. आडवं झालं की दम लागतो किंवा झोपेतून दचकून उठून खिडकीशी बसावं लागतं, हे हृदयाचं लक्षण, त्याचा फोन आजच. झोपेची गोळी स्वतःहून कोणत्याच बाबतीत नको.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, "ऑपरेशन झालं काय नि नाही काय" असं बोलणं येत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. हृदयविकारात नैराश्य बऱ्याचदा आढळतं, त्याचा पुढच्या बरं होण्यावर परिणाम होतो आणि त्यावर उपचार आहेत. काळजी घेणाऱ्यालाही हेच लागू. त्याच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्या चुकतायत का, ते कोणीतरी बघा.

मुलांना त्यांच्या वयाच्या भाषेत खरं सांगा: कधी ऍडमिट होणार, किती दिवस घरी नसणार, त्यांना शाळेतून कोण आणणार. नातेवाईकांसाठी एकच निरोप्या नेमा. तोच ग्रुपवर दोन ओळी टाकेल, बाकी कोणी फोनवर किस्से ऐकायचे नाहीत. "आमच्याकडे एकाचं असंच झालं" ने सुरू होणारा फोन शांतपणे आवरता घ्यायला हरकत नाही.

शारीरिक संबंधांबद्दल कोणी विचारत नाही म्हणून लिहितो: त्रास न होता दोन जिने चढता येत असतील तर बहुधा चालतं, पण तुमच्या बाबतीत विचारा.

टप्पा ७: घर आणि कागदपत्रं

हे पटकन होतं. ऑपरेशननंतर साधारण ६ ते ८ आठवडे ४-५ किलोपेक्षा जास्त उचलायचं नसतं, म्हणून रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणा. न्हाणीघरात घसरणार नाही असं पायपुसणं, बसायला खुर्ची, पुढून बटणं असलेले कपडे. गाडी चालवणं साधारण ४ ते ६ आठवडे बंद, कामावर परतणं कामाच्या स्वरूपाप्रमाणे ६ ते १२ आठवडे. रजा त्या हिशोबाने मागा. घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे रात्री कोण, दिवसा कोण, हे नावानिशी लिहा. "आम्ही सगळे आहोतच" म्हणजे कोणीच नाही.

विमा, खर्चाची मंजुरी, ओळखपत्रं आणि रक्ताची सोय यांबद्दल रुग्णालयाला काय लागतं ते तारखेच्या खूप आधी विचारा. आणि रुग्णाला बोलता येत नसेल तेव्हा डॉक्टरांशी निर्णय कोण बोलणार, ते रुग्णाने स्वतः सगळ्यांसमोर सांगावं. आयसीयूच्या दारात दोन भावांनी दोन मतं देणं, हे टाळता येण्यासारखं आहे.

टप्पा ८: शेवटचा आठवडा

आता गोळ्या बंद करण्याच्या तारखा कॅलेंडरवर. सर्दी, खोकला, ताप, लघवीची जळजळ, अंगावर गळू किंवा जखम झाली तर लगेच कळवा. तारीख जाईल म्हणून लपवू नका, संसर्ग असताना छाती उघडण्यापेक्षा दोन आठवडे थांबणं परवडतं. या आठवड्यात गर्दी आणि आजारी पाहुणे टाळा.

छातीवरचे, पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात, रुग्णालयात ते यंत्राने कापतात. जंतुनाशक साबणाने आंघोळ सांगितली असेल तर ती करून नंतर क्रीम-पावडर लावू नका. नेलपॉलिश, दागिने काढा. कधीपासून उपाशी राहायचं ते नेमकं विचारा. घट्ट अन्न ६ तास आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण तुम्हाला सांगितलेली वेळच पाळा. सकाळी कोणती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची तेही.

*तपासा:* पिशवीत फाईल, गोळ्यांचा कागद, चष्मा, कानाचं यंत्र, कवळीची डबी, श्वासाचं यंत्र. चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका. दिसत-ऐकू येत नसेल तर वृद्ध माणूस आयसीयूत लवकर भांबावतो.

टप्पा ९: ऑपरेशनचा दिवस, बाहेर बसणाऱ्यांसाठी

ऑपरेशन साधारण ३ ते ६ तासांचं असतं. पण आत नेल्यापासून आयसीयूत आणेपर्यंत त्याहून जास्त वेळ जातो, कारण भूल आणि नळ्या लावायलाच वेळ लागतो. उशीर झाला म्हणजे काही बिघडलं असं नाही. दोघांनीच थांबा, आळीपाळीने खा, फोन चार्ज ठेवा.

पहिल्यांदा आत जाताना काय दिसेल ते आधी ऐकून घ्या. तोंडात श्वासाची नळी असते, त्यामुळे बोलता येत नाही. मानेत आणि मनगटात नळ्या, छातीतून रक्ताळ पाणी काढणाऱ्या जाड नळ्या, लघवीची नळी, कधी पेसमेकरच्या बारीक तारा. चेहरा सुजलेला, हात गार. हे सगळं अपेक्षित आहे. हात धुवा, नाव घेऊन हाक मारा, "ऑपरेशन झालं, मी इथे आहे" एवढं सांगा. उत्तर द्यावं लागेल असे प्रश्न विचारू नका. हो-नाहीसाठी मान किंवा बोट दाबण्याची खूण घरीच ठरवलेली असेल तर आता उपयोगी पडते.

पुढच्या काही दिवसांत रुग्ण, विशेषतः वयस्कर, असंबद्ध बोलू शकतो, भिंतीवर काही दिसतं म्हणू शकतो, तुमच्यावर संशय घेऊ शकतो. हे बहुधा तात्पुरतं असतं. वाद घालू नका, दिवस-वेळ सांगा, चष्मा लावा आणि नर्सला कळवा.

टप्पा १०: तारीख पुढे गेली तर

तातडीचा रुग्ण आला, आयसीयूत खाट नाही, अशा कारणांनी ऐनवेळीही तारीख पुढे जाते. राग येणारच. तो काउंटरवरच्या माणसावर काढून काही मिळत नाही, आणि घाईत घरी निघून आलात तर खरा धोका वेगळाच असतो: ऑपरेशनसाठी बंद केलेल्या गोळ्या बंदच राहतात. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन थांबवून आठवडा उलटून गेला आणि कोणाच्या लक्षातच नाही, असं सर्रास होतं.

म्हणून रुग्णालय सोडायच्या आधी लिहून घ्या: कोणत्या गोळ्या आजपासून पुन्हा सुरू, कोणत्या मात्रेत, हेपरिनचं काय. आज जेवायचं कधी आणि इन्शुलिन किती. नवी तारीख नसेल तर कोणत्या दिवशी, कोणाला फोन करायचा. कोणत्या तपासण्या तोवर शिळ्या होऊन पुन्हा कराव्या लागतील. आणि मागच्या तारखेपासून त्रास वाढला असेल तर तो तिथेच, त्याच वेळी, वहीतल्या नोंदींसह सांगा, म्हणजे नवा क्रम त्या माहितीवर लागेल. घरी आल्यावर गोळ्यांचा कागद नव्याने लिहा, वजनाची नोंद दुसऱ्या सकाळपासून परत सुरू.